हळदीच्या पेढीतली दरफाईल: एका यामल दुरुस्तीचं प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका आडत पेढीत ऐन हळदीच्या हंगामात हे घडलं. पेढीचं आणि तिला संगणक प्रणाली देणाऱ्या छोट्या कंपनीचं नाव देत नाही. हमालीचा एक दर पडद्यावरून बदलला, आणि त्यापायी दिवाणजींनी वर्षानुवर्षं फाईलमध्ये लिहिलेल्या टिपा पुसल्या गेल्या. टिपा परत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. ते करताना जे सापडलं, ते टिपा जाण्याहून जास्त काळजीचं होतं.

पेढी आणि तिची फाईल

पेढीचा मुख्य माल हळद, त्यातही राजापुरी. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ मध्ये. यार्डात मात्र तिचा मान फार जुना आहे, आणि पेढीच्या दरफाईलमध्येही ती पहिल्या ओळीत होती. तिच्याखाली गूळ, बेदाणा, मिरची. प्रत्येक मालाखाली पोत्यामागची हमाली, तोलाई आणि पट्टीत (शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदात) वजा होणारे बाकीचे खर्च. मग खरेदीदारांची यादी: तीन आकडी कोड, नाव आणि उधारी चालू की बंद. शेवटी सौद्यांच्या वेळा.

फाईल यामल स्वरूपातली. डावीकडे नाव, मग कोलन, उजवीकडे किंमत. कशाखाली काय येतं ते ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून ठरतं. क्लार्क इव्हान्स, ओरेन बेन-किकी आणि इंगी डॉट नेट यांनी २००१ मध्ये हे स्वरूप पुढे आणलं, ते माणसाला वाचता-लिहिता यावं म्हणूनच. पेढीत तसंच चाललं होतं. दिवाणजी नोटपॅडमध्ये फाईल उघडायचे, दर बदलायचे, जतन करायचे. प्रोग्रॅम ती फक्त वाचायचा.

यामलमध्ये हॅशच्या खुणेपुढे लिहिलेलं प्रोग्रॅम वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. दिवाणजींना ही सोय भलतीच आवडलेली. हळदीच्या हमालीशेजारी त्यांनी लिहिलं होतं, 'पेवातल्या मालाला हा दर नाही, वेगळी बोली'. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, आता फारशी वापरात नाहीत, पण कुणाचा जुना माल निघालाच तर टीप हवी. तोलाईवर, 'समितीचं पत्र निळ्या फायलीत'. एका खरेदीदाराच्या वर, 'चेक दोनदा परत. आण्णांना इचारल्याबिगर माल सोडू नये'. आण्णा म्हणजे पेढीचे मालक. दर काय हे आकड्यावरून कळायचं, तो तसा का हे फक्त या टिपांवरून.

पडद्यावरचं बटण

हमालीचे दर बदलले तेव्हा आण्णांनी मागणी केली की हे पडद्यावरून करता आलं पाहिजे. उद्या दिवाणजी रजेवर गेले तर पेढी अडायला नको. मागणी रास्त होती. कंपनीतल्या तरुण प्रोग्रॅमरने ती अगदी सरळ मार्गाने पुरी केली. प्रोग्रॅम पायथन या भाषेतला, आणि यामल वाचायला पाययामल ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आधीपासून होतीच. तिने फाईल वाचायची, मिळालेल्या माहितीत हमालीचा आकडा बदलायचा आणि सगळी माहिती पुन्हा फाईलमध्ये ओतायची. तीन ओळींचं काम.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी फाईल उघडली आणि कंपनीला फोन लावला, "अवो, माझी फाईल इंग्रजी कुणी केली?"

फाईल इंग्रजी झाली नव्हती. पाययामलला वेगळं सांगितलं नाही तर ती लिहिताना इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर युनिकोड क्रमांकाच्या (संगणकात त्या अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकाच्या) रूपात मांडते: तिरकी रेघ, मग यू, मग चार अंकी क्रमांक. ह ला ०९३९, ळ ला ०९३३, द ला ०९२६. प्रोग्रॅमच्या लेखी ती हळदच असते, पट्टीही बरोबर छापली जाते. माणसाला मात्र काहीच वाचता येत नाही. ज्या फाईलचा अर्धा उपयोग माणसाने वाचण्यात आहे, तिचा तो अर्धा भाग एका बटणाने संपला.

हळद यादीत शेवटी गेली, हेही त्यातच कळलं. पाययामल मूळ सेटिंगवर नावं क्रमाने लावून लिहिते आणि हा क्रम युनिकोड क्रमांकांचा असतो. ग आधी, मग ब, मग म, सगळ्यात शेवटी ह. म्हणून गूळ, बेदाणा, मिरची, हळद. क्रम जसा होता तसा ठेवायचा पर्याय या लायब्ररीत आला तोच मुळी ५.१ आवृत्तीत, २०१९ साली.

आणि टिपा? त्या कुठेच नव्हत्या. वाचताना पाययामल त्या टाकून देते, मग लिहिणार कुठून?

प्रोग्रॅमरने शोधाशोध करून दोन्ही पर्याय जोडले: युनिकोड अक्षरं तशीच ठेव, क्रम लावू नकोस. पेढीच्या विंडोज संगणकावर बटण दाबल्याबरोबर प्रोग्रॅम चूक दाखवून थांबला, आणि फाईल शून्य बाइटची झाली. याचं कारण पाययामलमध्ये नव्हतं. पायथनमध्ये फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत) सांगितलं नाही, तर विंडोजवर यंत्राचं जुनं कोडपेज धरलं जातं, आणि त्यात देवनागरी बसत नाही. फाईल लिहिण्यासाठी उघडली त्याच क्षणी आतलं सगळं पुसलं गेलेलं असतं. चूक येते त्यानंतर. (पायथनच्या ३.१५ आवृत्तीपासून यूटीएफ-८, ज्यात देवनागरी बसते, हेच मूळ एन्कोडिंग होणार आहे. पेढीतला पायथन त्याहून बराच जुना.) आदली क्रमांकांची प्रत नोटपॅडमध्ये उघडी राहिली होती म्हणून बचावली. मग यूटीएफ-८ सांगितल्यावर मराठी परत दिसू लागली. हळद शेवटीच राहिली आणि टिपा गेल्या त्या गेल्या. याच फाईलवर पेढीचा कारभार पुढे चालू राहिला. नवे खरेदीदार जोडले गेले, दर बदलले.

वाचणं एक, दुरुस्त करणं दुसरं

मला बोलावलं तोवर कंपनीत वाद सुरू झाला होता की दोष लायब्ररीचा की वापरणाऱ्याचा. माझं मत असं की पाययामलने आपलं काम चोख केलं. तिचं काम यामल मजकुरातून माहिती काढणं आणि माहितीतून यामल मजकूर बनवणं. या दोन कामांच्या मध्ये मूळ फाईल उरतच नाही. आपल्याला वाटतं फाईल दुरुस्त झाली. प्रत्यक्षात जुनी फाईल टाकून तेवढ्याच माहितीची नवी फाईल लिहिली जाते. फाईल फक्त प्रोग्रॅमच लिहीत असेल तर याने काहीच बिघडत नाही. तिच्यात माणूसही लिहीत असेल, तर त्याचं लिखाण दर वेळी जातं.

असं करणारी पाययामल एकटी नाही. सेटिंगच्या फाईली हाताळणाऱ्या, पायथनसोबत येणाऱ्या कॉन्फिगपार्सरच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की फाईल परत लिहिताना मूळ टिपा राहत नाहीत. एक्सेल फाईल हाताळणारी ओपनपायएक्सेल असंच सांगते: फाईल उघडून त्याच नावाने जतन केली तर आतल्या आकृत्या जातील. पायथन ३.११ मध्ये टॉमल या यामलसारख्याच दुसऱ्या स्वरूपाच्या फाईलींसाठी टॉमललिब आली, ती तर फक्त वाचते. लिहिण्याची सोय तिच्यात मुद्दामच ठेवली नाही. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो. लिहिताना टिपा, मोकळ्या ओळी, अवतरणचिन्हं यांचं काय करायचं याला एकच उत्तर नसतं, म्हणून त्यांनी तो प्रश्न दुसऱ्या लायब्ररींवर सोडला.

दुरुस्तीसाठीच बनलेल्या लायब्ररी वेगळ्या आहेत. टॉमलसाठी टॉमलकिट, यामलसाठी अँथन व्हॅन डर नूट यांची रुआमेल यामल. रुआमेल पाययामलमधूनच फुटलेली शाखा आहे, पण ती वाचताना टिपा, क्रम, मोकळ्या ओळी माहितीला चिकटवून ठेवते आणि लिहिताना परत मांडते. टॉमलचा विचार आम्ही केला आणि लगेच सोडला. टॉमलमध्ये अवतरणाशिवाय लिहिलेल्या नावात इंग्रजी अक्षरं, अंक, अधोरेखा आणि संयोगचिन्ह एवढंच चालतं. म्हणजे हळद, हमाली, तोलाई, प्रत्येक शब्द अवतरणात घालावा लागला असता. दिवाणजींना हे सांगायची कुणाची तयारी नव्हती. सगळं डेटाबेसमध्ये हलवा असंही एकाने सुचवलं. मग दिवाणजींना नोटपॅड मिळालं नसतं, आणि टीप लिहिण्यासाठी वेगळा रकाना आला असता जो कुणीही भरला नसता.

तेव्हा रुआमेल. कंपनीचा समज असा की प्रोग्रॅमच्या वरची इम्पोर्टची ओळ, म्हणजे कुठली लायब्ररी वापरायची ते सांगणारी ओळ, बदलली की झालं. तसं थेट पेढीत बसवण्याऐवजी आधी बाजूच्या यंत्रावर चालवून बघू म्हटलं.

जुन्या प्रतीने दाखवलेल्या गोष्टी

सुदैवाने पेढीच्या हिशेबनिसाकडे बटण येण्याआधीची, टिपांसकट एक प्रत होती. ती रुआमेलने वाचायला गेलो तर तिने वाचायलाच नकार दिला: एकच नाव दोनदा आलं आहे. बघितलं तर 'मिरची' वरही होती आणि खाली खरेदीदारांच्या जरा आधीही. कधीतरी कुणीतरी तुकडा उचलून खाली चिकटवला असणार. यामलच्या नियमाने एका गटात एक नाव एकदाच यायला हवं. पाययामल हे तपासत नाही; दोनदा आलं तर शेवटचं धरते आणि गप्प बसते.

दिवाणजींना विचारलं. ते म्हणाले, "मिरचीचा दर म्या कवाच बदललाय. पट्टीवर मातर जुनाच येतो, मग पेनानं दुरुस्त करतो." ते वरची मिरची बदलत होते आणि प्रोग्रॅम खालची वाचत होता. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की प्रोग्रॅमला मिरचीचं काहीतरी वावडं आहे.

दुसरी मिरची काढून पुढे गेलो. आता फाईल वाचली गेली, आणि चाचणीच्या पडद्यावर उधारी बंद असलेले सगळे खरेदीदार उधारीला पात्र दिसू लागले.

यामलच्या १.१ आवृत्तीत, म्हणजे २००५ च्या नियमांत, इंग्रजी 'यस', 'नो', 'ऑन', 'ऑफ' हे शब्द अवतरणाशिवाय आले तर त्यांचा अर्थ खरं-खोटं असा धरला जातो. १.२ आवृत्तीच्या मूळ नियमांत, म्हणजे २००९ पासून, फक्त 'ट्रू' आणि 'फॉल्स' तसे धरतात. पाययामल १.१ चे नियम पाळते, रुआमेल सांगितल्याशिवाय १.२ चे. पहिल्या प्रोग्रॅमरने कधीकाळी दिवाणजींना शिकवलं होतं की उधारी बंद असेल तर इंग्रजीत 'नो' लिहा. पाययामलने त्याचं 'खोटं' केलं आणि प्रोग्रॅम बरोबर चालला. रुआमेलने त्याला दोन अक्षरांचा साधा शब्द मानलं. आणि पायथनमध्ये रिकामा नसलेला कुठलाही शब्द अटीत 'खरा' ठरतो. म्हणजे 'नो' चा अर्थ 'हो' झाला. कुठे चूक दिसली नाही, प्रोग्रॅम थांबला नाही. इम्पोर्टची ओळ तेवढी बदलून हे पेढीत बसवलं असतं, तर दोनदा चेक परत आलेल्या गृहस्थांना त्याच दिवशी उधारीवर माल गेला असता.

सौद्याच्या वेळेचंही हेच मूळ. फाईलमध्ये वेळ होती १०:३०, अवतरणाशिवाय. (आकडे फाईलमध्ये इंग्रजी अंकांत होते, इथे देवनागरीत छापतोय.) १.१ च्या नियमांत कोलनने जोडलेले असे आकडे साठच्या पटीतली एकच संख्या मानतात: दहा गुणिले साठ अधिक तीस, म्हणजे ६३०. जुन्या प्रोग्रॅमरला हे कुठेतरी जाणवलं असावं, कारण त्याने आलेल्या संख्येला साठने भागून पुन्हा तास-मिनिटं काढायचा तुकडा लिहून ठेवला होता, एका शब्दाचं स्पष्टीकरण न देता. रुआमेलकडून '१०:३०' असा मजकूर आला आणि तो तुकडा कोसळला. इथे निदान कोसळला तरी. पेढीत चालू असलेल्या फाईलमध्ये पाययामलने वेळेच्या जागी सरळ ६३० लिहून टाकलं होतं, आणि हा सहाशे तीस रुपयांचा कसला खर्च, असं दिवाणजी आधीच दोघातिघांना विचारून बसले होते. गंमत अशी की ०९:३० लिहिलं असतं तर काहीच झालं नसतं. शून्याने सुरू होणारा आकडा या नियमात बसत नाही.

कोडचं कोडं

चालू फाईल रुआमेलने वाचून पाहिली तेव्हा तिसराच प्रकार समोर आला. काही खरेदीदार सापडत होते, काही नाहीत. ००७ सापडतो, ०१२ सापडतो, ०१८ नाही, ०२९ नाही, ०४५ सापडतो. फाईल उघडून बघितली. सापडणारे कोड अवतरणचिन्हांत होते, न सापडणारे उघडे. जुन्या प्रतीत मात्र सगळेच अवतरणात होते; दिवाणजींनी कधीच हयगय केली नव्हती.

कंपनीत सगळ्यांना हे लहरी वाटलं. कुणी म्हणालं नवे कोड असतील, कुणी म्हणालं पडद्यावरून भरलेले असतील. मी कागदावर दोन रकाने केले तेव्हा दिसलं: उघड्या रकान्यातल्या प्रत्येक कोडमध्ये ८ किंवा ९ आहे. अवतरणातल्या एकाही कोडमध्ये नाही.

१.१ च्या नियमांत शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची मानली जाते, आणि त्या पद्धतीत अंक ० ते ७ एवढेच. ०१२ अवतरणाशिवाय लिहिलं तर त्याचा अर्थ दहा होतो. म्हणून '०१२' हा मजकूर लिहिताना पाययामल विचार करते: उघडा लिहिला तर उद्या वाचणारा याला संख्या समजेल, तेव्हा अवतरण हवं. '०१८' मध्ये ८ आहे. तो अष्टमान होऊ शकत नाही, आणि शून्याने सुरू होतो म्हणून साधी संख्याही नाही. म्हणजे उघडा लिहिला तरी मजकूरच वाचला जाणार, मग अवतरण कशाला? आपल्या नियमांत तिचं अगदी बरोबर. पण १.२ मध्ये ०१८ ही सरळ दशमान संख्या आहे, अठरा. रुआमेलने अठरा वाचलं, आणि '०१८' नावाचा खरेदीदार यादीतून नाहीसा झाला.

या सगळ्या प्रकरणात मला हा भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. दोन्ही लायब्ररी आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि फाईल एकीने लिहून दुसरीने वाचली की पेढीचा खरेदीदार हरवतो. रुआमेललाही १.१ चे नियम पाळायला सांगता येतं. ते करून पाहिलं. पण मग ती फाईलच्या माथ्यावर आवृत्ती सांगणारी एक ओळ आणि तिच्याखाली तीन रेघा लिहिते. आणि ती ओळ दिवाणजी पहिल्याच दिवशी कचरा समजून काढणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

दोन फाईलींची एक

आता हातात दोन फाईली होत्या. जुनीत टिपा, चालूत खरी माहिती. ओळीशी ओळ ताडून पाहण्यात अर्थ नव्हता, कारण क्रम, अवतरणं, मोकळ्या जागा बदलल्याने जवळपास प्रत्येक ओळ वेगळी दिसत होती. म्हणून दोन्ही फाईली पाययामलनेच वाचल्या. ती १.१ चे नियम पाळते हेच इथे उपयोगी पडलं: १०:३० आणि ६३० तिच्या लेखी एकच, 'नो' आणि 'फॉल्स' एकच, अवतरणातला ०१८ आणि उघडा ०१८ एकच. मग माहितीशी माहिती ताडली, नावांचा क्रम न बघता. उरले ते खरे बदल: हमालीचे दर, काही नवे खरेदीदार, एकाची उधारी बंद.

ती यादी छापून दिवाणजींसमोर ठेवली. त्यांनी प्रत्येक ओळीवर बरोबर किंवा चूक अशी खूण केली आणि मिरचीपाशी थांबून "ह्यो न्हवं, वरचा" असं लिहून दिलं. खूण झालेले बदल मग जुन्या प्रतीत रुआमेलने केले. टिपा जागच्या जागी राहिल्या, हळद वर आली.

त्याआधी जुनी प्रतच थोडी साफ केली. वेळा अवतरणात घातल्या. उधारीला 'हो' आणि 'नाही' असे मराठी शब्द ठेवले. प्रोग्रॅम हे दोनच शब्द स्वीकारतो, तिसरं काही आलं तर काम थांबवून ओळ दाखवतो. कुठल्याही आवृत्तीत या शब्दांना दुसरा अर्थ नाही. साठने भागणारा तुकडा काढून टाकला.

रुआमेलला वळण लावणं

रुआमेल आणली म्हणजे सगळं आपोआप जपलं जातं असंही नाही. मी लावलेली कसोटी अशी: फाईल वाचायची, काहीही न बदलता लिहायची, आणि दोन्ही फाईली तंतोतंत जुळतात का पाहायचं. पहिल्या खेपेला जुळल्या नाहीत. यादीतल्या आडव्या रेघा डावीकडे सरकल्या, कारण दिवाणजी त्या दोन जागा सोडून लिहीत होते आणि रुआमेलचं मूळ माप वेगळं. इंडेंटची, म्हणजे ओळीआधी सोडायच्या जागेची, मापं दोन, चार, दोन अशी दिली तेव्हा जमलं. लांब पत्त्यांच्या ओळी ऐंशी अक्षरांच्या आसपास तुटून खाली आल्या. रुंदी वाढवून दिली. वेळेभोवतीची अवतरणं गेली, कारण १.२ मध्ये त्यांची गरज नाही. पण पेढीत मासिक अहवाल काढणारा एक वेगळा प्रोग्रॅम अजून पाययामलनेच ही फाईल वाचतो. त्याच्यासाठी अवतरणं हवीतच. म्हणून अवतरणं जपण्याचा पर्याय चालू केला. तो फक्त आधीपासून असलेल्या मजकुरालाच लागू पडतो. प्रोग्रॅममधून नवी वेळ दिली की ती उघडीच लिहिली जाते, तेव्हा नव्या किमतीसाठी रुआमेलचा अवतरणातल्या मजकुराचा खास प्रकार वापरावा लागतो.

एक गोष्ट जुळली नाही ती नाहीच. दिवाणजी आकडे एकाखाली एक यावेत म्हणून कोलननंतर मोजून जागा सोडायचे. रुआमेल तिथे एकच जागा ठेवते. त्यांना हे आवडलं नाही, मलाही नाही, पण त्यावर उपाय मिळाला नाही. टिपा मात्र शाबूत, आणि ७.५० चं ७.५ होत नाही. पाययामल ते करत होती.

खरेदीदार काढून टाकताना आणखी एक अडचण दिसली. रुआमेल एखाद्या नोंदीच्या वर लिहिलेली टीप त्या नोंदीला नाही, तिच्या आधीच्या नोंदीच्या शेपटाला बांधते. त्यामुळे ०१८ काढला की ०२९ च्या वरची 'आण्णांना इचारल्याबिगर' ही टीपही त्याच्याबरोबर जाते. टीप आधी उचलून बाजूला ठेवायचा कोड लिहिता आला असता. आम्ही खतावणीची रीत धरली: नाव खोडायचं नाही, त्याच्यापुढे 'बंद' लिहायचं. पडद्यावर काढून टाकायचं बटणच ठेवलं नाही.

शून्य बाइटच्या प्रसंगावर उपाय जुनाच आणि सोपा आहे. नवी फाईल त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने पूर्ण लिहायची, ती एकदा वाचून तपासायची, आणि मगच पायथनच्या रिप्लेसने मूळ नावावर आणायची. मध्येच वीज गेली तरी जुनी फाईल जशीच्या तशी. आदल्या फाईलची तारखेची प्रतही बाजूला पडते. शिवाय लिहिण्याआधी प्रोग्रॅम बघतो की आपण वाचल्यानंतर फाईल कुणी बदलली का. बदलली असेल तर जतन करायला नकार देतो. उलट बाजूने, म्हणजे दिवाणजींनी सकाळी उघडलेलं नोटपॅड संध्याकाळी जतन केलं तर, काही करता येत नाही. ते त्यांना तोंडी सांगितलंय.

देवनागरी अंकांचा प्रश्न शेवटी निघाला. नव्या कीबोर्ड मांडणीवर दिवाणजींनी एकदा हमाली देवनागरी अंकांत लिहिली. यामलला संख्या म्हणून फक्त इंग्रजी अंक कळतात, तेव्हा ती मजकूर म्हणून आली आणि गुणाकारात प्रोग्रॅम अडला. पण पायथनला स्वतःला देवनागरी अंक कळतात. तशा मजकुराची संख्या कर म्हटलं की तो मुकाट्याने करतो. म्हणून दर वाचताना सगळीकडे आधी मजकूर, मग संख्या असं केलं. आता ते कुठल्याही अंकांत लिहोत.

अहवालाचा प्रोग्रॅम अजून पाययामलवरच आहे, कारण तो फक्त वाचतो आणि वाचायला ती चांगली आहे. तो बदलायची घाई कुणाला नाही. मिरचीच्या ज्या पट्ट्यांवर पेनाची दुरुस्ती राहून गेली, त्या शोधून शेतकऱ्यांचा फरक द्यायचा की नाही, यावर आण्णा आणि हिशेबनीस अजून बसलेले आहेत.